मेंदूचा टीबी घरात आला तर वही कशी ठेवायची

आमचं नागपूरच्या इतवारीत किराण्याचं दुकान. बाबांच्या काळापासून दोन वह्या चालतात, रोजकीर्द आणि खतावणी. घडलं ते घडलं त्या क्रमानं रोजकीर्दीत, आणि ज्याचं त्याच्या नावावर खतावणीत. कॉम्प्युटर कधीचाच आला, पण लाल कापडी पाठीची वही गल्ल्याशेजारी अजून आहे. मागच्या वर्षी धाकट्या भावाला मेंदूचा टीबी झाला, तेव्हा त्यातलीच एक कोरी वही मी दवाखान्यात नेली. हे सगळं त्या वहीबद्दल आहे. औषधाची मात्रा इथून घेऊ नका, मी तूरडाळ विकणारा माणूस आहे. पण रोग्याजवळ चोवीस तास बसणाऱ्यानं काय बघायचं, काय लिहायचं आणि कोणत्या ओळीवर गाडी बोलवायची, एवढं मला आता समजतं.

मागचा हिशेब आधी

भरतीच्या दिवशी डॉक्टरीण बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "हे कधीपासून?" मी म्हणालो, "झाले असतील आठ-दहा दिवस." माय म्हणाली, "कायचे आठ दिवस? महिना झाला." धाकट्याची बायको तोंडाला पदर लावून रडत होती. एका घरातली तीन माणसं आणि तीन हिशेब.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "बाहेर बसा, तिघं मिळून ठरवा आणि मग सांगा," म्हणाल्या. तेव्हा राग आला होता. पण बाहेरच्या बाकड्यावर बसून आम्ही सणांवरून हिशेब लावला, आणि तो लागला. धाकटा चौतीस वर्षांचा, कूलर-पंखे दुरुस्त करतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला, पोरीला खांद्यावर घेऊन मिरवणूक बघायला उभा होता, तो डोकं ठणकतं म्हणून अर्ध्यातून परत आला. मायनं दारातूनच हात जोडून "रोगराई घेऊन जा गे मारबत" म्हटलं होतं, म्हणून तिला तो दिवस पक्का आठवत होता. गणपती बसले त्या संध्याकाळी अंग कोमट. महालक्ष्म्यांच्या जेवणाला आंबील आणि पुरणाचं ताट समोर, एक घास खाल्ला आणि उलटी. त्यानंतर चिडचिड. ज्या माणसानं पोरीवर कधी आवाज चढवला नाही, तो पाणी सांडलं म्हणून तिच्यावर खेकसला. आणि विसर्जनाच्या दिवशी म्हणाला, "दादा, गणपती दोन दिसून राहिले." आम्ही हसलो. पाप लागो आम्हाला, पण आम्ही हसलो.

मारबतीपासून भरतीपर्यंत सोळा दिवस. मधल्या काळात घराजवळच्या एका दवाखान्यात आधी सायनस झालं, मग टायफॉइड झाला, मग ॲसिडिटी झाली. प्रत्येक वेळी आम्ही "डोकं दुखतं" एवढंच सांगितलं, दिवस सांगितले नाहीत. दोष एकट्या त्या डॉक्टरचा नाही.

दिवसांना एवढं महत्त्व का, तर या टीबीत मेंदूच्या आवरणाला सूज येते. दुसऱ्या जंतूंनी होणारी तीच सूज बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत माणसाला आडवं करते. टीबीची सूज आठवडे घेते. आधी कंटाळा, बारीक ताप, भूक मेलेली, स्वभाव फिरलेला. मग सकाळची डोकेदुखी, उलटी, मान आखडणे. मग दोन-दोन दिसणे, बरळणे, ग्लानी. हा आजार किती पुढे गेला आहे ते मोजायला डॉक्टर अजून तीन पायऱ्या वापरतात, १९४८ साली इंग्लंडच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं घातलेल्या. पूर्ण शुद्धीवर, ती पहिली. गोंधळलेला किंवा एखादी नस गेलेली, ती दुसरी. जवळजवळ बेशुद्ध, ती तिसरी. उपचार कोणत्या पायरीवर सुरू झाले यावर पुढचं पुष्कळ काही ठरतं. धाकटा दुसरीवर होता.

म्हणून पहिलं पान भरतीच्या आधीचं. तारखा आठवत नसतील तर सण, बाजाराचा दिवस, लग्नाचं आमंत्रण, लाईट गेल्याची रात्र, काहीही धरा. पहिली ओळ: नेहमीसारखा असलेला शेवटचा दिवस कोणता?

"कुठून लागला" हे पान मात्र सोडून द्या. आम्ही त्यात आठ दिवस घालवले. कोणी गिऱ्हाईकाचं नाव घेतलं, कोणी साळ्याचं. जंतू श्वासातून फुप्फुसात येतात, तिथून रक्तावाटे जाऊन मेंदूच्या आवरणाखाली बारीकशी गाठ करून बसतात, महिने किंवा वर्षंसुद्धा, आणि ती फुटली की आजार सुरू. १९३३ मध्ये रिच आणि मॅककॉर्डॉक या दोघांनी शवविच्छेदनांवरून हे दाखवलं, अशा गाठीला अजून रिचचंच नाव आहे. एवढ्या जुन्या उधारीचा दिवस कोण शोधणार?

कमरेतलं पाणी

तपासणीसाठी पाठीतून पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतालचं द्रव, काढायचं म्हटलं की वॉर्डातला प्रत्येक नातेवाईक आपापला किस्सा काढतो. "पाय जातात" हा सगळ्यात लाडका. मणक्यातला मज्जारज्जू कमरेच्या वरच संपतो आणि सुई त्याच्या खाली टोचतात, हे आम्हाला एका सिस्टरनं कॅलेंडरच्या मागे चित्र काढून दाखवलं. मेंदूत दाब फार वाढलेला आहे का ते आधी स्कॅनमध्ये बघतात. मग माणसाला कुशीवर, गुडघे पोटाशी, गणपतीच्या उंदरासारखं गोल करून निजवतात. सही द्यायला आम्ही अर्धा दिवस लावला. तुम्ही लावू नका.

पाणी कमी काढा म्हणून गळ घालू नका, हे मला नंतर कळलं. या पाण्यात जंतू अगदी थोडे असतात, चार-दोन थेंबांत सापडत नाहीत. मोठ्या माणसाचं निदान ६ मिली तरी तपासणीला गेलं तर हाती काही लागण्याची शक्यता वाढते. शरीर ते पाणी काही तासांत पुन्हा तयार करतं.

रिपोर्टमधल्या चार नोंदी वहीत उतरवा. धाकट्याच्या या होत्या: पेशी १८०, त्यातल्या बहुतेक लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार), प्रोटीन २१०, साखर २८. निरोगी पाण्यात पेशी पाचाच्या आत, प्रोटीन साधारण १५ ते ४५. साखरेच्या शेजारी त्याच वेळची रक्तातली साखर लिहा, कारण एकटी पाण्याची साखर काही बोलत नाही. त्याच्या रक्तात ११२ होती, म्हणजे पाण्यात पाव हिस्सा. निम्म्याच्या वर हवी असते. पाणी दिसायला स्वच्छ होतं, पण नळी तशीच उभी ठेवली तर त्यात कोळ्याच्या जाळ्यासारखं काही तरी धरतं असं डॉक्टर म्हणाले आणि खरंच धरलं. मी ती नळी खिडकीच्या उजेडात बघितली. पारदर्शक पाण्यात एक धूसर कोळिष्टक लटकलेलं.

आणि सीबीनॅटचा, म्हणजे पाण्यात टीबीचा जंतू शोधणाऱ्या मशीनचा, रिपोर्ट आला "आढळला नाही". आम्ही पेढे आणायच्या बेतात. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "जंतू सापडला तर टीबी नक्की. सापडला नाही तर टीबी नाही, असं मात्र नाही." कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, सहा-आठ आठवडे लागू शकतात, तेवढं थांबायला या आजारात सवड नसते. लक्षणं, पाणी आणि स्कॅन यांचा मेळ बसला की औषध सुरू करतात. त्या संध्याकाळीच सुरू झालं. ही ओळ मी लाल शाईनं लिहिली आहे: "रिपोर्ट नाही म्हणतो, औषध चालू."

रोजकीर्द

माझं पहिल्या दोन दिवसांचं लिखाण असं होतं: "बरा वाटतो. थोडा खाल्ला. रात्री त्रास." राउंडला डॉक्टरांनी वाचलं आणि विचारलं, "थोडा म्हणजे?" दुकानात कोणी "थोडी साखर" मागितली तर मीच विचारतो ना, पावशेर की अर्धा किलो? तिसऱ्या दिवसापासून पान असं झालं:

सकाळी ६.१० ताप ९९.४.
६.३० टीबीच्या ३ गोळ्या, साध्या पाण्यासोबत, उपाशीपोटी. ओकारी नाही.
७.४५ चहा, अर्धी पोळी.
८.०० प्रश्न ५, बरोबर ४. वार चुकला.
९.१५ लघवी, संत्र्याच्या रंगाची.
११.०० डोकं दुखतं, कपाळ, दहात पाच. झोपल्यावर जास्त, बसल्यावर कमी.
१.३० वरण-भात वाटीभर, पाणी २ ग्लास.
४.४० उलटी एकदा, मळमळ नसताना, एकदम.
रात्री १०.०० झोपला. उठवल्यावर लगेच उठला.

त्यातली "मळमळ नसताना, एकदम" हे तीन शब्द वाचून त्या दिवशी तातडीनं पुन्हा स्कॅन झालं. मेंदूतलं पाणी तुंबलं होतं. दुसऱ्या दिवशी डोक्यातून कातडीखालून पोटापर्यंत नळी टाकली, तिला शंट म्हणतात. मी फक्त "उलटी" लिहिलं असतं तर कदाचित उलटीचं इंजेक्शन मिळालं असतं.

पाच प्रश्न कोणते? तुझं नाव, आपण कुठे आहोत, आज वार कोणता, वीसपासून उलटे आकडे, आणि पाचवा प्रश्न त्याच्या धंद्यातला. रोज तेच, रोज त्याच वेळी. पाचवा प्रश्न आमच्या घरचा शोध आहे आणि मला वाटतं तोच सगळ्यात कामाचा. मी विचारायचो, "छताच्या पंख्याला कॅपॅसिटर कितीचा?" तो झोपेतही म्हणायचा, "अडीच," म्हणजे मायक्रोफॅरड, किंमत नव्हे. चौथ्या आठवड्यात एका सकाळी नाव, वार, जागा सगळं बरोबर सांगून झाल्यावर तो म्हणाला, "अडीच रुपये." मी हसलो नाही या वेळी. रक्त तपासलं, सोडियम ११८, फार खाली निघालं. शिक्षकाला पाढा विचारा, गृहिणीला कणकेचं प्रमाण, शेतकऱ्याला पेरणीचं नक्षत्र. वार कोणालाही चुकतो, हातातलं काम चुकलं की समजायचं आत काही तरी हललं आहे.

सोडियमवरून एक सांगतो. शेजारच्या मावशींनी लगेच मीठ घातलेलं ताक आणलं. या आजारात सोडियम दोन कारणांनी पडतं. एकात मीठ लघवीतून वाहून जातं आणि मीठ-पाणी भरावं लागतं, दुसऱ्यात शरीर पाणी धरून ठेवतं आणि पाणी कमी करावं लागतं. उपाय एकमेकांच्या उलट. म्हणून घरच्या अकलेनं मीठ वाढवू नका आणि पाणीही तोडू नका. किती पाणी आत गेलं आणि किती लघवी झाली ते मोजून लिहा, निवाडा डॉक्टर त्यावरूनच करतात. आम्ही मोजायला दुकानातलं तेलाचं माप वापरलं, नंतर ते फेकलं हे सांगायला नको.

आणि रोज पानाच्या तळाशी त्याच्याकडून एक ओळ लिहून घ्या, काहीही. धाकटा स्वतःचं नाव आणि दुकानाचं नाव लिहायचा. पहिल्या आठवड्यात अक्षरं मुंग्यांसारखी ओळीवरून खाली उतरलेली. नुसतं सांगून कोणाला पटलं नसतं एवढा फरक पानं उलटताना दिसतो.

गोळ्यांचा हिशेब

सुरुवातीचे दोन महिने चार औषधं एकत्र, मग कमी औषधांवर पुढचे महिने. फुप्फुसाच्या टीबीला सहा महिने पुरतात तिथे मेंदूच्या टीबीला निदान नऊ, पुष्कळदा बारा. गोळ्यांची संख्या वजनावर ठरते. धाकटा ४६ किलोवर आला होता, म्हणून तीन. घरी आल्यावर मी दर रविवारी त्याला पोत्याच्या काट्यावर उभा करायचो. वजन वाढत गेलं की तो आकडा डॉक्टरांना दाखवायचा, गोळ्या त्याप्रमाणे बदलतात.

रिफाम्पिसिन असलेली गोळी उपाशीपोटी. आम्ही सुरुवातीला चहा-टोस्टसोबत देत होतो, कारण उपाशीपोटी दिलं तर पित्त होईल ही मायची भीती. शिवाय ॲसिडिटीचं पांढरं सिरप वर. ते सिरप गोळी अंगी लागू देत नाही. द्यायचंच असेल तर वेळ लांब ठेवून आणि विचारून. गोळी पोटात टिकली की नाही याची खूण लघवीत मिळते, काही तासांत ती नारिंगी होते. झाली नाही तर गोळी कुठे तरी राहिली. उशीखाली सापडली एकदा.

पण याच रंगानं एक फसगतही होते. यकृताला त्रास झाला की लघवी गडद होते असं सगळे सांगतात, आणि इथे लघवी आधीच रंगलेली. म्हणून कावीळ लघवीत शोधू नका. सकाळी दारात, उन्हाच्या उजेडात, खालची पापणी ओढून डोळ्याचा पांढरा भाग बघा. भूक अचानक मेली, उलट्या, उजव्या बरगडीखाली दुखणं, ही ओळ आली तर त्याच दिवशी फोन. दारू तर नाहीच, आणि गावाकडून येणारा काढाही नाही.

स्टेरॉइडवर मी चुकलो आहे, तेही सविस्तर सांगतो. डेक्सामेथासोन हे जंतू मारत नाही, सूज आवरतं. व्हिएतनाममध्ये ५४५ रुग्णांवर झालेला अभ्यास २००४ मध्ये छापून आला, त्यात याने मृत्यू कमी झाले होते. ते सहा ते आठ आठवडे देतात आणि दर आठवड्याला पायरीपायरीनं उतरवतात. आमची पट्टी शनिवारी रात्री संपली. रविवारी ओळखीचं औषधाचं दुकान बंद. मी म्हटलं, दोन दिवसांनी काय होतं, तसंही कमीच करायचं आहे. सोमवारी दुपारी धाकटा डोकं धरून भिंतीला टेकला होता. ते औषध एकदम तोडायचं नसतं, इतकं मला कोणी तरी चार वेळा सांगितलं होतं आणि ते वहीतही होतं, माझ्याच अक्षरात. तेव्हापासून दुकानातला नियम लावला: तुरीचं पोतं चतुर्थांशावर आलं की नवं मागवायचं, तसं पाच दिवसांचं औषध उरलं की नवं आणायचं. स्टेरॉइड चालू असताना रक्तातली साखरही बघत राहा. धाकट्याला मधुमेह नाही, तरी २४० पर्यंत गेली होती. भूक राक्षसासारखी लागते, झोप उडते, माणूस बडबड्या होतो. तर्री पोह्यांसाठी त्यानं पहाटे चारला घर उठवलं होतं.

फिट येऊन गेली असेल तर फिटचं औषधही चालू असतं. ते फेनिटोइन असेल तर डॉक्टरांना आठवण द्या की टीबीच्या गोळ्या चालू आहेत, दोन्ही एकमेकांत ढवळाढवळ करतात. चालताना झोकांड्या, बुबुळं थरथरणं, हे लिहा. घरात कोणी गर्भनिरोधक गोळ्या घेत असून तीच रुग्ण असेल, तर रिफाम्पिसिन त्यांचा जोर घालवतं. हे बायकांना कोणी मोठ्यानं सांगत नाही, म्हणून इथे लिहिलं.

गोळ्या कुठे ठेवायच्या? आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो. खिडकीत नको, पत्र्याच्या कपाटाच्या वर नको. आणि गार म्हणून कूलरवर तर मुळीच नको, ओलीनं गोळी भुसभुशीत होते. आम्ही तांदळाच्या कोठीमागे कोरड्या डब्यात ठेवल्या.

खतावणी

वहीच्या मागच्या बाजूनं एकेका गोष्टीचं खातं उघडा, आठवड्याला एक नोंद पुरे.

डोळ्यांचं खातं आधी. इथॅम्ब्युटॉल या गोळीमुळे क्वचित डोळ्याच्या नसेला इजा होते, आणि सुरुवातीला लाल-हिरवा फरक पुसट होतो. डोळ्याचे डॉक्टर ठिपक्यांच्या पाट्या दाखवून तपासतात, ती तपासणी कराच. मधल्या काळासाठी मी मूठभर मसूर डाळ आणि मूठभर हिरवे मूग एका ताटलीत मिसळून त्याच्यापुढे ठेवायचो. एक डोळा झाकून निवड, मग दुसरा. दोन्ही डोळ्यांनी एकदम करू दिलं तर चांगला डोळा वाईट डोळ्याची चूक झाकतो. सुरुवातीला तीन मिनिटं लागायची, नंतर दोन. एखाद्या रविवारी वेळ वाढली असती किंवा मसुरात मूग गेले असते तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला गेलो असतो. तशी वेळ आली नाही. सोबत पेपरातली छोटी जाहिरात एकेका डोळ्यानं वाचायला द्या.

पायांचं खातं. कधी कधी सूज मणक्यातल्या नसांभोवती जमते. पाय जड, मुंग्या, कमरेला पट्टा आवळल्यासारखं, लघवी अडकणं. तळपायाची नुसती जळजळ असेल तर ती आयसोनियाझिडची असू शकते, त्यासाठी पायरिडॉक्सिन ही जीवनसत्त्वाची गोळी देतात. दोन्हींत फरक करणं आपलं काम नाही. कोणता पाय, कुठपर्यंत, कधीपासून, एवढं लिहा.

नळीचं खातं, शंट असेल तर. कानामागून पोटापर्यंत नळीच्या वाटेवर लाली, सूज, पाणी येणं, ताप. आणि जुनी लक्षणं परत, म्हणजे सकाळची डोकेदुखी, उलटी, पेंग. नळी तुंबली असं समजून निघायचं.

तिसऱ्या महिन्यात आमची एक घाबरगुंडी झाली ती सांगतो, कारण ती तुमचीही होऊ शकते. माणूस सुधारत असताना एमआरआयमध्ये नव्या गाठी दिसल्या. माय म्हणाली, औषध खोटं. असं होतं म्हणे: जंतू मरताना शरीराचीच प्रतिक्रिया भडकते आणि गाठी वाढलेल्या दिसतात. औषध बदललं नाही, स्टेरॉइड पुन्हा थोडं वाढवलं. पण असं का, की औषधाला दाद न देणारा टीबी आहे, की गोळ्या चुकल्या, हे ठरवायला डॉक्टरांनी काय मागितलं असेल? वही. नव्वद दिवसांत एक गोळी राहिलेली, तीही उशीखालची, हे पानोपान दिसत होतं.

आता ज्या ओळी लिहायच्याच नाहीत, सरळ १०८ लावायचा: हाक मारून न उठणं, पाच मिनिटांवर चालणारी किंवा पाठोपाठ येणारी फिट, एक बाजू लुळी पडणं, अचानक नजर जाणं. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. घड्याळ बघा. जमलं तर दुसऱ्याला मोबाईलवर चित्र घ्यायला सांगा.

जंतूची भावकी

टीबीच्या जंतूचं घराणं मोठं आहे. त्यातले काही चुलतभाऊ मातीत आणि पाण्यात राहतात, सहसा कोणाच्या वाटेला जात नाहीत. क्वचित, शंट किंवा डोक्याच्या ऑपरेशननंतर किंवा प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या माणसात, ते मेंदूच्या आवरणात शिरतात. त्यांची औषधं वेगळी, आणि काहींवर टीबीच्या नेहमीच्या गोळ्या चालतच नाहीत. म्हणून कल्चरचा कागद दोन महिन्यांनी आला तरी आणायला जा आणि विचारा, टीबीचाच आहे की दुसरा?

दुसरा भाऊबंद विदर्भाला नवा नाही. कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सननं १८७३ मध्ये पाहिला, टीबीचा कॉखनं १८८२ मध्ये. कुष्ठाचा जंतू मेंदूत जात नाही, तो हातापायाच्या आणि चेहऱ्याच्या नसा धरतो. आमच्या शेजारच्या खाटेवर चंद्रपूरकडचा एक माणूस होता, कोपराच्या आतल्या बाजूची नस बोटाएवढी जाड, करंगळी वाकलेली, त्या नसेत गळू झालेलं. तेही क्वचितच होतं. दोन वर्षांपासून एक चट्टा बधिर आहे हे त्याला माहीत होतं, लाजेनं बोलला नाही. तिकडून आनंदवन जवळ, बाबा आमट्यांचं नाव घरोघरी, आणि तरीही लाज. बधिर चट्ट्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, सहा किंवा बारा महिन्यांचं. टोचलेलं कळत नाही अशी जागा अंगावर असेल तर तीही एक नोंदच आहे.

कागद, पैसे, शेजारी

टीबीची नोंद निक्षय या सरकारी पोर्टलवर होते, खासगी डॉक्टरांनाही ती करावी लागते. निक्षय क्रमांक वहीच्या पुठ्ठ्यावर लिहा. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी खात्यात पैसे येतात, आधी महिना ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. बँक खातं चालू आहे ना बघा. आमचं झोपलेलं होतं. काही अडलं तर १८००-११-६६६६ ही टीबीची मोफत हेल्पलाइन आहे.

शेजारच्यांनी पोरं यायची बंद केली. मेंदूतला टीबी खोकल्यातून उडत नाही. मात्र छातीचा फोटो काढून फुप्फुसात आहे का ते बघतात, आणि असेल तर घरातल्या सगळ्यांची, विशेषतः पाच वर्षांखालच्या मुलांची तपासणी आणि प्रतिबंधाचं औषध आलं. धाकट्याची छाती साफ निघाली. पोरीला जन्मानंतर बीसीजी दिलेली होती. ही लस मोठेपणीच्या टीबीला फारशी आवरत नाही, पण लहान मुलांना मेंदूच्या टीबीपासून बऱ्यापैकी सांभाळते, म्हणून नव्या बाळाचं टाळू नका.

बारा महिने झाले, गोळ्या थांबल्या. फिटचं औषध अजून आहे, ते वेगळ्या हिशेबानं उतरतं. उजव्या बोटांत जोर कमी आहे, बारीक स्क्रू त्याला आता हाताखालचा पोरगा लावून देतो. वही बंद केलेली नाही, महिन्याला एक ओळ पडते, नवं डोकं दुखलं तर मागे बघायला काही तरी हवं. परवाची ओळ त्यानंच लिहिली: नाव, दुकानाचं नाव, तारीख. र आणि ल अजून एकमेकांवर चढतात, ओळ मात्र सरळ आहे.